डोळ्यांना दोष देऊ नका!

२०२५ च्या दसऱ्याला आमच्या घरी नवा दूरचित्रवाणी संच आला. त्याआधी दहाच दिवस, म्हणजे २२ सप्टेंबरला, सरकारने बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आणला होता, आणि त्या आनंदात नाशकातल्या दुकानदारांनी असे काही फलक लावले होते की, जणू काही संच न घेणारा माणूस सीमोल्लंघनाला नालायकच ठरावा! मीही गेलो आणि त्रेचाळीस इंची संच घेऊन आलो. त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले, आपट्याचे पान ठेवले. घरात आई ऐंशीची. श्रावणात तिच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डॉक्टर म्हणाले होते, “आजी, आता सुईत दोरा ओवाल.” आणि खरोखरच ती ओवू लागली होती. संच घेतला तो मुख्यतः तिच्यासाठी.

संध्याकाळी तिची मराठी मालिका सुरू झाली. आईने खुर्ची थोडी पुढे ओढली. मग आणखी पुढे ओढली. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर संच बंद आणि आई देवघरापाशी बसलेली. म्हणाली, “अरे, तुला सांगू नये म्हणून गप्प होते. पण माझं ऑपरेशन बिघडलं वाटतं. माणसांची तोंडं नीट दिसत नाहीत मला. तुझे पैसे फुकट गेले रे.”

वाचकहो, आठ दिवस ही बाई स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होती! दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासले. भिंतीवरच्या तक्त्यातली अगदी खालची, बारीक अक्षरांची ओळ तिने घडाघडा वाचून दाखवली. डॉक्टर हसले. म्हणाले, “आजींचे डोळे ठणठणीत आहेत. घरी पाहता काय, ते एकदा तपासा.”

घरी येऊन तपासले. एका हिंदी वाहिनीवर कुठलीशी सासू सुनेला बोलत होती. तिच्या नथीतला खडा न् खडा मोजून घ्यावा इतके चित्र स्वच्छ. तिथून आईच्या मराठी वाहिनीवर आलो, आणि गोदाकाठी पहाटेचे धुके पडावे तसे झाले. नथ राहू द्या, नाकही अंदाजानेच ओळखावे लागत होते. संच तोच, डिश तीच, तार तीच. फरक एवढाच की, हिंदी वाहिनी आमच्याकडे एच्. डी. स्वरूपात येत होती आणि मराठी वाहिनी साध्या स्वरूपात. त्या मराठी वाहिनीचे एच्. डी. रूप नाही म्हणावे तर तेही नाही. ते आहे. इतरांकडे दिसते. आमच्या कंपनीच्या यादीत मात्र नाही!

एच्. डी. म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन ओळींचे गणित मांडतो. दूरचित्रवाणीचे चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. पुऱ्या एच्. डी. चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. भागून पाहा, बरोबर पाचपट होते. जुना एकवीस इंची संच होता तेव्हा चार लाख ठिपक्यांत भागत असे. अंगण लहान होते, तेवढ्या रांगोळीने ते भरत असे. आता अंगण मोठे झाले आणि रांगोळीची वाटी तेवढीच राहिली. मग ठिपके ताणायचे, पसरायचे, मधल्या जागा अंदाजाने भरायच्या, आणि होते ते गिचमिड! संच मोठा घ्यावा तितके चित्र वाईट दिसते, याचे रहस्य हे आहे. दुकानदार हे सांगत नाही. त्याच्या दुकानात दिवसभर समुद्राचे, डोंगराचे आणि पोपटांचे एक निवडक चित्र फिरत असते. माझी आई पोपट पाहत नाही, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

मी कंपनीला दूरध्वनी केला. प्रथम एका यंत्राने मला हिंदीत नमस्कार केला, मग इंग्रजीत केला, आणि मराठीसाठी कितवे बटण दाबावे हे सगळ्यांत शेवटी सांगितले. यावरूनच पुढचा प्रकार मी ओळखायला हवा होता. वीस मिनिटे सनईसारखे काहीतरी ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली. बोलणे अत्यंत अदबीचे.

“सर, ती वाहिनी एच्. डी.मध्ये आपल्याकडे उपलब्ध नाही.”

“का नाही?”

“सर, उपलब्ध नाही म्हणून नाही.”

“केव्हा होईल?”

“सर, उपलब्ध झाली की तुम्हाला स्क्रीनवर दिसेल. आणखी काही मदत करू का? आपल्याकडे हिंदीचा एक फार छान एच्. डी. पॅक आहे.”

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मी असे अकरा दूरध्वनी केले. तक्रारीचा क्रमांक दर वेळी नवा मिळाला, उत्तरे मात्र फिरून फिरून तीनच मिळाली. पहिले, “जागा नाही.” दुसरे, “मागणी नाही.” तिसरे, “वाहिनीवाल्यांशी बोलणी चालू आहेत.” त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जे कागदावर लिहून दिले ते ती वाचते. राग आहे तो लिहून देणाऱ्यांवर. म्हणून ही तिन्ही उत्तरे आज या दिवाळीच्या उजेडात जरा धरून पाहू.

पहिले उत्तर जागेचे. यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. उपग्रहावरून असो की जमिनीवरच्या तारेतून असो, वाहिन्या आणण्याची वाट ठराविक रुंदीची असते, आणि एच्. डी. वाहिनी साध्या वाहिनीपेक्षा कितीतरी अधिक जागा अडवते. एस्. टी.त जागा मोजक्याच असतात, हे कोण नाकारील? पण त्या जागांवर बसवले आहे कोणाला, हे तर पाहाल! मी एका रात्री रिमोट घेऊन आमच्या डब्यातल्या सगळ्या वाहिन्या पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरून आलो. एके ठिकाणी तवा विकत होते. एके ठिकाणी नशीब पालटणाऱ्या अंगठ्या विकत होते. एके ठिकाणी गुडघ्यांचे तेल होते आणि त्याच्या शेजारच्या वाहिनीवर तेच तेल दुसरा माणूस विकत होता. शिवाय कंपनीच्या स्वतःच्या पाककृतींच्या, भजनांच्या आणि नृत्य शिकवण्याच्या वाहिन्या वेगळ्याच, ज्यांचे पैसे निराळे पडतात. तव्याला जागा आहे, अंगठीला जागा आहे, दोन माणसांना एकच तेल विकायला जागा आहे. महाराष्ट्रातल्या घरात मराठी वाहिनी स्वच्छ दाखवायला तेवढी जागा नाही! याला जागेची टंचाई म्हणत नाहीत, आवडनिवड म्हणतात.

या आवडनिवडीच्या मागे एक हिशेबही आहे, आणि तो ग्राहकाला क्वचितच कोणी सांगते. आपण समजतो, दाखवणाऱ्या कंपनीला पैसे आपण देतो. ते खरेच, पण वाहिनीवालेही तिला पैसे देतात. आपली वाहिनी तुमच्या गाडीत बसवून नेण्याचे ते भाडे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१७ साली या भाड्याला मर्यादा घातली. साध्या वाहिनीला दर ग्राहकामागे महिन्याला फार तर वीस पैसे आणि एच्. डी. वाहिनीला चाळीस पैसे. हा दोहोंतला फरक पुढे २०२४ साली काढून टाकला. पण त्याच नियमांत एक गंमत होती. वाहिनी घेणारे ग्राहक जसे वाढतील तसे हे भाडे उतरत जावे, आणि पाचातला एक ग्राहक ती वाहिनी घेऊ लागला की भाडे शून्य व्हावे. हेतू चांगला होता. लोकांना हवी असलेली वाहिनी फुकट बसावी असा होता. परंतु व्यापाऱ्याच्या चष्म्यातून पाहा. जी वाहिनी कोणी पाहत नाही ती भाडे देते, आणि जी लोक मागून घेतात ती भाड्यापुरती फुकट बसते. मग खिडकीची जागा कोणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? आणि हवाच असेल तर तो अंगठ्यांच्या वाहिनीवर आहेच!

दुसरे उत्तर मागणीचे. “मराठी एच्. डी.ला मागणी नाही.” हे ऐकून मला आमच्या गल्लीतला एक जुना वाणी आठवला. तो नागली ठेवीत नसे. पेठ-सुरगाण्याकडचा कोणी येऊन विचारू लागला की म्हणे, “इथं नागलीला गिऱ्हाईक नाही.” चार वेळा हे उत्तर मिळाल्यावर लोकांनी विचारणे सोडले, आणि मग तो छातीला हात लावून सांगू लागला, “बघा, कोणी विचारतसुद्धा नाही!” जी वस्तू दुकानात ठेवलीच नाही तिची विक्री शून्यच असणार. त्या शून्यावरून मागणी शून्य ठरवायची आणि मागणी शून्य म्हणून वस्तू ठेवायची नाही, हे तर्कशास्त्र कोणत्या पाठशाळेत शिकवतात कोण जाणे!

आणि ही मागणी मोजली कोणी, केव्हा? मी अकरा दूरध्वनी केले, त्यांची नोंद कुठल्या वहीत झाली? हिंदीतल्या बड्या मनोरंजन वाहिन्यांची एच्. डी. रूपे २०११ सालीच सुरू झाली. मराठीतल्या प्रमुख मनोरंजन वाहिन्यांना त्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले. पाच वर्षे मराठी माणसाने स्वच्छ चित्र पाहिले ते दुसऱ्याच्या भाषेत. घरातल्या मुलांना तेवढ्यात सवय लागली की, चांगले दिसते ते हिंदीत आणि धुरकट दिसते ते मराठीत. आज आमच्या घरातला आठवीतला मुलगा आजीजवळ बसत नाही. तो म्हणतो, “आजीचं चॅनल जुनं आहे.” जुने काही नाही, कालच चित्रित झालेला भाग आहे तो. पण धूसर चित्र जुन्या काळचे वाटते आणि त्याबरोबर भाषाही जुन्या काळची वाटू लागते. मला या प्रकरणात सगळ्यांत बोचले असेल तर ते हे. आईच्या डोळ्यांचा संशय डॉक्टरांनी पाच मिनिटांत फेडला. मुलाच्या मनातला हा संशय कोणत्या तक्त्यावर तपासायचा?

तिसरे उत्तर बोलण्यांचे. वाहिनीवाले आणि दाखवणारे यांच्यात बोलणी चालतात, फिसकटतात, आणि दोघांच्या भांडणात आपला पडदा काळा होतो. याचा मोठा प्रयोग २०२३ साली साऱ्या देशाने पाहिला. ‘ट्राय’च्या नव्या दरनियमांप्रमाणे वाहिनीवाल्यांनी नवे करार पुढे केले. अनेक मोठ्या केबल कंपन्यांनी वाढलेल्या दरांना हरकत घेऊन सह्या करायचे नाकारले. तेव्हा डिस्ने स्टार, झी आणि सोनी यांनी १८ फेब्रुवारीला त्यांचे प्रक्षेपण तोडले. तो महाशिवरात्रीचा दिवस होता. तिकडे दिल्लीला ऑस्ट्रेलियाशी कसोटी सामना रंगला होता. केबलवाल्यांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरांना याचा फटका बसला. पुढे काही दिवसांत सह्या झाल्या आणि चित्रे परत आली. कोण बरोबर होते, यात मी शिरत नाही. मी एवढेच विचारतो की, त्या साडेचार कोटी घरांतल्या एकाही माणसाला त्या टेबलाशी खुर्ची होती काय? महिन्याचे पैसे आगाऊ भरणारा तो, काळ्या पडद्यासमोर बसणारा तो, आणि बोलणी मात्र त्याच्या डोक्यावरून! लग्नात वऱ्हाड्यांनी मानपानावरून भांडावे आणि उपास मात्र पंगतीला बसलेल्यांना घडावा, त्यातलाच हा प्रकार.

तसे पाहिले तर आम्हा ग्राहकांना आजवर आश्वासने काही कमी मिळालेली नाहीत. नाशिककरांना आठवत असेल, केबलच्या सक्तीच्या डिजिटल फेऱ्यात आपले शहर दुसऱ्या टप्प्यात होते. मुदत होती ३१ मार्च २०१३. त्या आठवड्यात डब्यांसाठी लोक केबलवाल्यांच्या दारात उभे होते. तेव्हा सांगितले होते की, डबा घ्या, चित्र आरशासारखे दिसेल आणि हवी ती वाहिनी मिळेल. डबा घेतला. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत आली. ग्राहकाने आपल्या आवडीच्या वाहिन्या एकेक करून निवडाव्या, हव्या त्यांचेच पैसे द्यावे. ऐकायला किती गोड! घराघरांतून याद्या झाल्या, आईसुद्धा वहीवर नावे लिहून बसली होती. त्या वेळी नुसते दार उघडण्याचे, म्हणजे शंभर वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीचे, कमाल शुल्क १३० रुपये आणि कर धरून १५३ रुपये ४० पैसे होते. आणि या शंभरांत एक एच्. डी. वाहिनी दोन वाहिन्यांच्या बरोबरीची धरली जाई. पुढे आकडे बदलले, २०२४ साली तर या शुल्कावरची मर्यादाच उठली. पण मूळ मुद्दा तसाच राहिला. ‘निवडा’ असे ज्याला सांगितले त्याच्या समोरच्या ताटात निवडायला पदार्थच नसेल, तर त्या निवडीच्या हक्काचे करायचे काय? एच्. डी. प्रवाशाची दोन तिकिटे फाडायला कंडक्टर तयार होता. बसायला जागा मागितली की मात्र गाडी भरलेली!

कोणी म्हणेल, “एवढा त्रास आहे तर कंपनी बदला की!” हा सल्ला मला निदान वीस जणांनी दिला. दूरध्वनीचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ सालीच झाली. डब्याचे तसे नाही. या कंपनीचा डबा त्या कंपनीच्या छत्रीखाली मुका होतो. कोणत्याही कंपनीचा डबा कोणत्याही कंपनीकडे चालावा, अशी शिफारस ‘ट्राय’ने २०२० साली केली होती, माझ्या घरातल्या डब्यापर्यंत ती पोचलेली नाही. म्हणजे कंपनी बदलायची तर नवी छत्री, नवा डबा, नवी जोडणी, जुन्या कंपनीकडे आगाऊ भरलेल्या पैशांवर पाणी, आणि इतके करून नव्या घरी दुसरीच एखादी वाहिनी गळलेली! सासर बदलले म्हणून जाच चुकतोच असे नाही.

दुसरा कोणी, विशेषतः तरुण, म्हणतो, “काका, डिश कोण बघतं हल्ली? नेटवर बघा.” बघतात, हे खरे. डिशचे ग्राहक २०२१ साली सात कोटींच्या आसपास होते, ते २०२५ पर्यंत सहा कोटींच्याही खाली आले. कंपन्यांनी या आकड्यावरून शिकायला हवे होते. पण ऐंशी वर्षांच्या बाईला मी सांगू काय, की आई, आधी पासवर्ड टाक, मग जाहिरात वगळ, मग तुझी मालिका शोध? तिला एक बटण दाबून दिसणारे चित्र हवे. आजवर पै न् पै चुकती करून ते तिने घेतलेले आहे. आणि ज्याला पर्याय सापडला तो गेला म्हणून जो मागे राहिला त्याला वाईट माल द्यावा, हा कुठला न्याय? मागे राहतात ते म्हातारे, खेड्यापाड्यांतले, ज्यांच्याकडे नेट धडपणे चालत नाही ते. म्हणजे ज्यांचे डोळे आधीच अधू, धुके नेमके त्यांच्याच वाट्याला!

तिसरा आक्षेप गंभीर आहे, त्याचा मी मान राखतो. “कांद्याला भाव नाही, द्राक्षांवर अवकाळी पडतो, आणि तुम्हाला नथीतला खडा दिसत नाही म्हणून दुःख?” बरोबर आहे. कांद्याच्या दुःखापुढे हे दुःख नखाएवढे आहे. पण लासलगावच्या बाजारात वजनाला काटा खरा असावा म्हणून जो माणूस भांडतो, तोच न्याय मी मागतो आहे. पैसे पुरे घेतलेत, माप पुरे द्या. लहान मापात जो लबाडी चालवून घेतो, त्याला मोठ्या मापाशी भांडायची सवय उरत नाही.

आता दोष केवळ कंपन्यांचाच आहे, असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. निम्मा दोष आपला आहे. आपण मराठी माणसे भाषेचा अभिमान मोठ्या आवाजात बाळगतो आणि हक्क मात्र हळू आवाजात मागतो, किंवा मागतच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, त्यांच्याच या नाशकात आपण भाषणे करतो, शाली घालतो. आणि घरी येऊन हिंदी पॅक घेतो, कारण तो ‘आपोआप’ येतो. “मराठी एच्. डी. का नाही?” असे विचारणारा दूरध्वनी आपण करीत नाही. “चालतंय की” हे आपले राष्ट्रगीत झाले आहे. अभिजात भाषा आणि दुय्यम चित्र, हा संसार आपणच चालवून घेतला. माझ्या आईने आठ दिवस डोळ्यांना दोष दिला. आपण सगळे तेच करीत आलो आहोत. चित्र वाईट आले की आपण म्हणतो, आपलाच संच जुना असेल, आपलीच तार ढिली असेल, पाऊस असेल. दाखवणाऱ्याने खराब दाखवले, हे मनात आणायला आपल्याला फार उशीर लागतो.

आणि हे घडते कोणत्या गावात? ज्या दादासाहेब फाळक्यांनी या देशाला हलते चित्र दाखवले, ते १८७० साली इथून हाकेच्या अंतरावर त्र्यंबकेश्वरी जन्मले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला आणि त्यानंतर फाळके आपला संसार व कारखाना घेऊन नाशकास आले. १९४४ साली त्यांनी डोळे मिटले तेही इथेच. पण डोळे मिटण्याची गोष्ट त्याआधी एकदा घडली होती. चित्रपटाचे वेड लागले तेव्हा हा माणूस रोज तासन्‌तास चित्रे पाही, रात्ररात्र प्रयोग करी. त्या श्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली, आणि लगेच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेला गेले, यंत्र आणायला. पडद्यावरचे चित्र लोकांना नीट दिसावे म्हणून एका माणसाने स्वतःचे डोळे पणाला लावले. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे, आणि त्यांच्याच गावात एक म्हातारी स्वच्छ डोळ्यांनी अस्वच्छ चित्र पाहत बसली आहे. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच का?

तर मग करायचे काय? नुसता संताप करून दिवाळी कडू करावी, असा माझा हेतू नाही. मागण्या चारच आहेत, आणि चारही साध्या. एक: जोडणी विकण्यापूर्वी कोणत्या वाहिन्या आपल्याकडे नाहीत, याची यादी ग्राहकाच्या हातात मराठीत द्या. काय आहे ते तुम्ही ओरडून सांगता. काय नाही तेही सांगा. दोन: वाहिनी बंद पडली की त्या दिवसापासूनचे तिचे पैसे न मागता परत करा. तीन: तुमच्या वाटेत एकूण जागा किती, त्यांत विक्रीच्या आणि स्वतःच्या वाहिन्या किती, हे जाहीर करा, म्हणजे ‘जागा नाही’ या वाक्याची किंमत आम्हाला कळेल. चार: महाराष्ट्रातल्या ग्राहकाला मराठीची उपलब्ध एच्. डी. वाहिनी आधी, तवा आणि अंगठी नंतर.

हे आपोआप होणार नाही. ‘ट्राय’ एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवीत बसत नाही. ते तिचे कामच नव्हे. दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणापुढेही एकट्या ग्राहकाला नव्हे, ग्राहकांच्या गटाला जाता येते. एकट्यासाठी ग्राहक आयोगाचे दार आहे. यातला ‘गट’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या महाराष्ट्रात १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोश्यांनी ग्राहक पंचायत उभी केली, ज्या चळवळीने देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा होण्याआधी बारा वर्षे ग्राहकाला ताठ उभे राहायला शिकवले, त्या महाराष्ट्रात गट जमवणे अवघड का व्हावे? आमच्या सोसायटीत छत्तीस घरे आहेत. तुळशीच्या लग्नाच्या रात्री, उसाच्या मांडवाखाली, चुरमुरे खाता खाता मी एक कागद फिरवला. त्यावर एकच वाक्य होते: “आम्हाला आमच्या भाषेतली वाहिनी स्वच्छ हवी आहे, आणि तिचे पैसे द्यायला आम्ही तयार आहोत.” एकतीस सह्या झाल्या. त्यांत एक आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंची होती. त्या म्हणाल्या, “मी पण तीच सिरियल बघते हो.” मागणी नाही म्हणणाऱ्यांनी हा कागद पाहावा. असा कागद इंदिरानगरात फिरला, सिडकोत फिरला, पंचवटीत फिरला, तर त्याचे वजन कंपनीच्या तराजूलाही जाणवेल.

त्याच रात्री शेजारच्या वहिनींनी आईला त्यांच्या घरी नेले. त्यांची डिश दुसऱ्या कंपनीची. तिथे आईची वाहिनी एच्. डी. स्वरूपात दिसते. मी बोलवायला गेलो तर आई चांगली आठ-दहा फुटांवर, भिंतीला टेकून आरामात बसली होती. पडद्यावर मालिकेतली आजी तुळशीपुढे पणती लावीत होती. आईने मला हाताने थांबवले आणि म्हणाली, “थांब जरा. अरे, तिच्या हातावर गोंदलेलं आहे, बघ. तुळस काढली आहे. मला इथून दिसतंय!”

तिच्या स्वरात जो आनंद होता तो गोंदणाचा नव्हता. आपले डोळे चांगले आहेत, याची तिला त्या क्षणी खात्री पटली होती. घरी येताना जिन्यात ती मला म्हणाली, “उद्या फोन करशील तेव्हा मला दे. मीच बोलते त्या मुलीशी.”

बारावा दूरध्वनी आईने केला. वीस मिनिटे ती सनई ऐकत बसली, पण फोन खाली ठेवला नाही.